कॅप्टनच्या जागी उभा राहणारा

जागेवाल्यांना खुर्चीत नीट टेकून बसलेलं कुणी पाहिलं नाही. दवाखाना असो, बँक असो, ते आपले काठावर बसणार, जणू मागून कुणीतरी येऊन "झालं का तुमचं?" विचारणारच आहे. आणि खरंच कुणी आलं की ते उठलेच म्हणून समजा. न बोलता, डाव्या अंगाने, मागे वळून न बघता. पोटच्या मुलीच्या लग्नात नवऱ्यामुलाचा कुणी लांबचा काका उशिरा आला, तर मुलीच्या बापासाठी मांडलेली खुर्ची त्यांनी त्या काकाला दिली आणि स्वतः पाण्याच्या नळापाशी जाऊन उभे राहिले. घरच्या मंडळींचा मोठा फोटो निघाला त्यात काका आहेत, हे नाहीत. मुलीने तो फोटो आपल्या घरी भिंतीवर लावला. वडिलांजवळ त्याबद्दल ती कधी चकार शब्द बोलली नाही, पण बोलली नाही म्हणजे विसरली असं नव्हे.

ही खोड त्यांना धंद्याने लावलेली. सिनेमात नटाच्या जागी उभं राहणं हा त्यांचा धंदा, म्हणून नावही जागेवाले पडलं. पडद्यावर नट दोन वाक्यं बोलून जातो, पण त्या दोन वाक्यांसाठी दिवे बसवायला अख्खी सकाळ जाते. तेवढा वेळ मोठ्या नटाला कोण तापवत ठेवणार? म्हणून त्याच्याच उंचीचा, त्याच्याच खांद्यांचा, तसाच कपडा घातलेला एक माणूस तिथे उभा करतात. जमिनीवर चिकटपट्टीची फुली असते, तिच्यावर पाय ठेवायचे. कॅमेरामन येऊन नाकाच्या शेंड्यापर्यंत टेप लावून अंतर मोजतो. दिवे पुढे सरकतात, मागे सरकतात, कपाळावर घाम येतो तो पुसायचा नाही. मान हलवायची नाही. बोलायचं तर नाहीच. सगळं जुळलं की मेकअपच्या खोलीतून नट येतो आणि या माणसाने फुलीवरून बाजूला व्हायचं. तेही डाव्या अंगाने, कारण उजवीकडे कॅमेरा असतो.

"तुम्हाला चटके आणि त्यांना टाळ्या!" दिवेवाले हसायचे.

"चटक्यांना तिकीट नाही लागत," जागेवाले म्हणायचे. तेव्हा तेही हसायचे.

मुळात ते स्टुडिओत सुतारांच्या हाताखाली होते. फळ्या वाहून वाहून डावा खांदा उजव्यापेक्षा जरासा वर राहिलेला. लष्करी कोर्टाच्या त्या गाजलेल्या सिनेमाची तयारी चालली होती तेव्हा दिग्दर्शकाने त्यांना फळी घेऊन जाताना पाठमोरं पाहिलं आणि म्हणाला, "अरे, ही तर आपल्या कॅप्टनची पाठ!" तिथून सुतारकाम सुटलं.

सिनेमाची गोष्ट अशी होती. लढाईत एक पूल उडवण्याचा हुकूम सुटतो. पुलावरून बायामुलं पळून चाललेली असतात म्हणून एक कॅप्टन तो हुकूम मोडतो, आणि त्याच्यावर लष्करी कोर्टात खटला चालतो. एक तरुण मेजर त्याची बाजू मांडतो. जवळजवळ सगळा सिनेमा त्या एका दालनात घडतो. मोठं टेबल, टेबलामागे न्याय करायला बसलेले अधिकारी, आणि समोर टोपी-पट्टा काढून घेतलेला आरोपी. ही दोन कामं करणाऱ्या नटांना लोक पुढे जन्मभर कॅप्टन आणि मेजर याच नावांनी ओळखत राहिले.

त्या दिवसांत जागेवाल्यांचा संसार भरलेला होता. सकाळी निघताना बायको दारात त्यांच्या मागे टाचा उंचावून उभी राहायची आणि शर्टाची कॉलर तळहाताने दाबून बसवायची. खांदा वर, म्हणून डाव्या बाजूची कॉलर हटकून उठायची.

"उठली बघा परत. वर्गात बोट वर केल्यासारखी," ती म्हणायची. "बाई, बाई, मी सांगू?"

उंबऱ्यावर बसून बुटाची नाडी बांधणारी मुलगी यावर रोज हसायची. रोजचाच विनोद आणि रोजचंच हसू. परमेश्वर सुख देतो तेव्हा ते इतकं साधं असतं की कुणी त्याची नोंदसुद्धा ठेवत नाही.

मग बायको आजारी पडली. मुलीला तिच्या मावशीकडे पाठवलं. हॉस्पिटल आणि सेट, सेट आणि हॉस्पिटल, असं सुरू झालं. एका सकाळी डॉक्टरांनी त्यांना खोलीबाहेर बोलावलं आणि जिन्यापाशी उभ्याउभ्याच सांगितलं, "घरी घेऊन जा. आता औषधाचं काही राहिलेलं नाही." जागेवाल्यांनी मान डोलावली. खोलीत जाऊन बायकोला म्हणाले, "संध्याकाळी न्यायला येतो." आणि कामावर गेले. जाणं भाग होतं, कारण ते दालन भाड्याचं होतं आणि त्या संध्याकाळी रिकामं करून द्यायचं होतं.

सेटवर पोहोचतात तर तिथे वेगळाच गोंधळ. कॅप्टनची आई पहाटे वारल्याची बातमी आलेली आणि कॅप्टन गावी निघून गेलेले. राहिला होता तो निकालाचा प्रसंग. दिग्दर्शक दोन्ही हातांनी डोकं धरून बसला होता. थोड्या वेळाने उठला आणि जागेवाल्यांच्या मागे येऊन उभा राहिला.

"चेहरा नको," तो कॅमेरामनला म्हणाला. "मानेवर घेतो. निकाल ऐकताना फक्त मान." मग जागेवाल्यांना म्हणाला, "तुम्ही काही करू नका. फक्त ऐका."

कपड्यांचा माणूस धावत आला, कारण कोटाची कॉलर डावीकडे उठली होती. दिग्दर्शकाने त्याला हातानेच थांबवलं. "असू दे. त्याला आता कॉलरचं कुठलं भान?"

टेबलामागच्या अधिकाऱ्याने कागद उचलून वाचला. "आरोपी दोषी आहे."

कॉलरचं टोक कानाखाली टोचत होतं. ती दाबून बसवणारा हात हॉस्पिटलच्या चादरीवर पडला होता. त्या क्षणी जागेवाल्यांना कॅप्टन आठवला नाही, पूल आठवला नाही. मान आधी तशीच राहिली. मग कुणी वरून हळूहळू दाबावी तशी खाली गेली. आणि मग, का कोण जाणे, वर आली, सरळ झाली आणि तशीच राहिली.

"कट" म्हणायला दिग्दर्शकाला वेळ लागला. मग तो जवळ आला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "हे या भिंतींच्या बाहेर जायला नको. सिनेमा कॅप्टनचा आहे. शब्द द्या मला."

"कुणाला सांगणार मी?" जागेवाले म्हणाले, आणि बायकोला घरी आणायला गेले.

सिनेमा लागला तेव्हा ती नव्हती. मुलगी मावशीकडेच राहिली होती, तिथल्याच शाळेत जात होती. महिन्यातून एकदा भेटायला गेलं की ती विचारी, "बाबा, तुम्ही सिनेमात काय करता?" एकदा त्यांच्या तोंडून निघून गेलं, "मी आहे त्या कोर्टाच्या सिनेमात." एवढंच. पुढचं सांगायला शब्द आड आला. पोरीने चार मैत्रिणी गोळा केल्या, मावशीच्या मागे लागून सगळ्यांना घेऊन सिनेमाला गेली, आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत बापाचा चेहरा शोधत बसली. शिपायांत शोधला, गर्दीत शोधला, दार उघडणाऱ्या पहारेकऱ्यातही शोधला. दुसऱ्या दिवशी वर्गात मुली म्हणाल्या, "तुझे बाबा अदृश्य आहेत वाटतं!"

पुढच्या भेटीत तिने एवढंच म्हटलं, "तुम्ही थापा मारता." ते गप्प बसले. गप्प बसणं त्यांच्या अंगवळणी पडलेलं होतं. पण लहान मुलं गप्प बसण्याचा अर्थ आपल्या परीने लावतात आणि तो मोठेपणीही बदलत नाहीत. तेव्हापासून ती त्यांच्याशी नीट बोलली, वेळच्या वेळी विचारपूस केली, आजारपणात डबा पाठवला. विश्वास मात्र ठेवला नाही.

त्या मानेसाठी लोक रडले. वर्तमानपत्रांनी पानं भरली. कॅप्टनना वर्षातलं सगळ्यात मोठं बक्षीस मिळालं. पण नशिबाची चाल बघा, त्या सिनेमाने कॅप्टनना वर चढवलं आणि तिथेच शिडी काढून घेतली. पुढे जो येई तो त्यांच्यासाठी गणवेश घेऊनच येई. कॅप्टनचे कर्नल झाले, कर्नलचे हुतात्म्याचे वडील झाले, मग नुसतेच खोकणारे शेजारी. शेवटी शेवटी दुकानांच्या रिबिनी कापायचे आणि गुडघेदुखीच्या तेलाच्या जाहिरातीत जिना चढून दाखवायचे. मेजरचं उलट झालं. तो सिनेमा त्यांचा पहिलाच. त्यातलं शेवटचं भाषण लोकांना पाठ झालं आणि मेजर जे सुटले ते थांबलेच नाहीत. प्रेमकथा, मारामाऱ्या, मग स्वतःची कंपनी. चौकातल्या फलकावर त्यांच्या हातातला चहाचा कप मोटारीएवढा असे. माणूस मनाने वाईट नव्हता. हसरा होता, आणि टाळ्या वाजल्या की त्या आपल्यासाठीच आहेत असं धरून चालणारा होता. बहुतेक वेळा ते खरंच असे.

जागेवाले त्यानंतर पुष्कळांच्या जागी उभे राहिले. गुडघे कुरकुरू लागले तेव्हा थांबले. लॉन्ड्रीच्या वर एक खोली, खोलीत दोन खुर्च्या. एकीवर ते बसत, दुसरीवर धुतलेले कपडे. खालून इस्त्रीची वाफ यायची, तेवढीच सोबत. सकाळी देवाचं नाव घ्यावं, दूध तापवावं, खिडकीतून रस्ता बघावा.

अशात एक दिवस फोन वाजला.

"जागेवाले का? अहो, ओळखलंत का? मी... तुमच्या फुलीवर येऊन उभा राहायचो तो."

कॅप्टनचा आवाज पार कापरा झाला होता. त्यांनी सांगितलं की जुना सिनेमा धुऊनपुसून नव्यासारखा केलाय, रविवारी दुपारी मोठ्या सभागृहात दाखवणार आहेत, मेजरही येणार आहेत.

"दिग्दर्शक गेला बिचारा. आपण त्याला दिलेला शब्द त्याच्याबरोबर गेला असं मी धरतो," कॅप्टन म्हणाले. "त्या बक्षिसावरची धूळ पुसताना दर वेळी तुमची मान आठवते हो. या रविवारी सगळ्यांदेखत सांगून टाकतो. पहिल्या रांगेत कडेच्या दोन खुर्च्या ठेवायला सांगितल्यात. कुणाला आणायचं असेल तर आणा."

जागेवाल्यांनी फोन ठेवला आणि पुन्हा उचलला. मुलीला म्हणाले, "रविवारी येशील? तो कोर्टाचा सिनेमा आहे."

ती म्हणाली, "बाबा, आता कशाला ते?"

"एकदाच ये. परत नाही म्हणणार."

शनिवारी लॉन्ड्रीवाल्याने त्यांचा पांढरा शर्ट स्वतः कडक केला. "काय जागेवाले, उद्या कोणाच्या जागी?"

"उद्या माझ्याच."

"मग ही कॉलर बघा. खळ घालून पत्र्यासारखी केलीय. उद्या उठली तर माझं नाव बदला!"

रविवारी सभागृह भरलं होतं. मुलगी आली, हातातली पर्स मांडीवर घट्ट धरून बसली. "किती वेळ चालेल?" तिने विचारलं. "घरी पाहुणे येणार आहेत." मेजर मुलीच्या पलीकडच्याच खुर्चीत होते आणि त्यांच्याबरोबर आलेली माणसं सगळी रांग अडवून बसली होती. कॅप्टनचा पत्ता नव्हता. वाट बघून बघून शेवटी दिवे मालवले आणि सिनेमा सुरू झाला. आज मात्र जागेवाले खुर्चीला टेकून बसले होते. पाठीला गादीचा स्पर्श झाला तेव्हा त्यांना जरा लाजल्यासारखंच झालं.

निकालाचा प्रसंग जवळ आला आणि बाजूचं दार किलकिलं झालं. काठी टेकत कुणीतरी आत आलं. एक बाई टॉर्च घेऊन रिकामी जागा शोधू लागली. रांगेत जागा नव्हती. कॅप्टनची खुर्ची मेजरच्या कुणा माणसाने घेतली होती. जागेवाल्यांनी अंधारात तो आकार ओळखला. तेच खांदे, आता वाकलेले.

त्यांनी ठरवलं असं काही झालंच नाही. पाय आपोआप उठले. डाव्या अंगाने ते खुर्चीतून बाहेर पडले आणि भिंतीच्या कडेकडेने चालत थेट मागच्या दारापर्यंत गेले. कॅप्टन त्या खुर्चीत बसले. ती कुणी दिली हे त्यांनी पाहिलं नाही. आयुष्यभर पाहिलं नव्हतं.

पडद्यावर मान आली. उठलेली कॉलर, कानाखालचा घाम. "आरोपी दोषी आहे." मान खाली गेली, वर आली. सभागृहात कुणीतरी हुंदका दिला. जागेवाले दाराशी उभे राहून आपलीच पाठ बघत होते, आणि त्यांना फक्त हॉस्पिटलची चादर दिसत होती.

सिनेमा संपला, रंगमंचावर दिवे लागले. सूत्रसंचालक तरुणीने कॅप्टनना हात धरून वर नेलं. टाळ्या थांबल्यावर कॅप्टन माइकजवळ वाकले.

"निकालाच्या त्या शॉटबद्दल लोक मला आयुष्यभर विचारत आले. आज खरं सांगायला आलोय. त्याचं श्रेय माझं नाही. ज्याचं आहे तो माणूस इथे आलाय, समोरच, पहिल्या रांगेत बसलाय. उठा हो! उठा, लोकांना तुम्हाला बघू द्या."

आणि त्यांनी कडेच्या खुर्चीकडे बोट दाखवलं. ती रिकामी होती. त्या खुर्चीतून ते स्वतःच तर उठून वर आले होते.

मधे मुलीची खुर्ची सोडून लगेच मेजर होते. ते हसत उभे राहिले, लोकांकडे वळले, दोन्ही हात उंच केले. सभागृह टाळ्यांनी दणाणलं. "मेजर! मेजर!" कुणीतरी सिनेमातली धून लावली. कॅप्टन माइकमध्ये "नाही, नाही, तिथे, ते..." म्हणत होते, पण त्या गोंगाटात एवढंच कळत होतं की त्यांचे ओठ हलताहेत. तरुणीने त्यांच्या हातात फुलं दिली आणि मेजरना वर बोलावलं.

मागे, दाराशी, जागेवाल्यांनी हात वर केला होता. खांद्यापर्यंत. तोंड उघडलं, पण दिवे लागलेले असताना त्यांनी जन्मात आवाज काढलेला नव्हता, तो आज कुठून येणार?

"ओ काका, बाजूला व्हा ना, मेजर दिसत नाहीयेत," मागून कुणी म्हणालं.

ते बाजूला झाले.

बाहेर बसथांब्यावर संध्याकाळची तिरपी उन्हं होती. मुलगी भराभर चालत आली. पहिलं वाक्य रागाचं होतं.

"उठलात ना? माझ्या लग्नात उठलात तसेच. कशाला आणलंत मला? रिकाम्या खुर्चीशेजारी बसायला?"

"ते आले होते. त्यांना जागा नव्हती."

"जगात कुणाला ना कुणाला जागा नसतेच, बाबा."

ते रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले. रांगेत ती त्यांच्या मागे. थोड्या वेळाने तिचा हात त्यांच्या मानेशी आला. खळ घातलेली कडक कॉलर डावीकडून उठली होती. सहज दाबावी तशी तिने ती दाबली, आणि तिचा हात तिथेच थांबला.

"तो कॅप्टन मेजरकडे बघत नव्हता," ती शेवटी म्हणाली. "मी शेजारीच होते. तो तुमच्या खुर्चीकडे बोट करत होता."

जागेवाल्यांनी मान डोलावली.

"तेव्हा आई हॉस्पिटलमध्ये होती ना?"

"हो."

"म्हणून कॉलर तशीच राहिली."

"हो."

तिने कॉलर पुन्हा दाबली, पुन्हा दाबली. ती काही बसेना. "मी मुलींना चेहरा शोधा म्हणून सांगितलं होतं," ती म्हणाली, आणि आवाज फुटला. "बाबा, मी चेहराच शोधत बसले."

बस आली. ती तिच्या दिशेची होती. ती पायरीवर चढली, खाली उतरली, त्यांच्या पाठीला क्षणभर कपाळ टेकवलं आणि परत चढली. खिडकीतून बघत राहिली. त्यांनी हात वर केला, या वेळी पूर्ण वर. मग बस वळली.

लॉन्ड्रीपाशी आल्यावर आतून हाक आली, "काय जागेवाले? कॉलर?"

"उठली."

"नाव बदलतो मग!"

ते जिना चढले. कुलूप काढताहेत तोच फोन वाजू लागला. कॅप्टन होते.

"आला नाहीत तुम्ही? मी बोट केलं आणि बघतो तर खुर्ची रिकामी."

"आलो होतो. तुम्ही आलात म्हणून उठलो."

कॅप्टनना कळायला थोडा वेळ लागला. "उद्या पेपरवाल्यांना बोलावतो," ते म्हणाले. "सांगतो सगळं. लिहा म्हणतो."

"आता नको, साहेब. जिला कळायला हवं होतं तिला कळलं."

"मग रागावला नाहीत ना?"

"तुम्ही दमला असाल. गुडघ्यांना तेल लावा."

कॅप्टन हसले, जाहिरातीतल्यासारखे नव्हे, खरे. मग फोन बंद झाला.

खाली लॉन्ड्रीचं शटर ओढल्याचा आवाज झाला. वाफ थांबली. जागेवाल्यांनी दुसऱ्या खुर्चीवरचे कपडे उचलून खाटेवर ठेवले आणि ती खुर्ची आपल्या खुर्चीसमोर ओढली. कुणी येणार नव्हतं. रविवार संपला होता, मुलीकडे पाहुणे आले असतील. ते आपल्या खुर्चीत मागे टेकून बसले. शर्ट बदलला नाही, कॉलरला हात लावला नाही. ज्याच्यापुढे रोज सकाळी हात जोडायचे त्याचं नाव ओठांत घेत राहिले, आणि दिवा लावायचं त्यांच्या ध्यानातच आलं नाही.